‘जीवनशैलीचे आजार’ : नवा कर्मविपाक आणि सरकारी पैशाचा जुना हिशेब

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, दमा. या आजारांना सरकारी कागदात ‘असंसर्गजन्य आजार’ म्हणतात आणि वर्तमानपत्रांत ‘जीवनशैलीचे आजार’. पहिला शब्द निरुपद्रवी आहे. दुसरा मात्र तपासून घ्यावा लागतो, कारण त्यात निकाल आधीच लिहून ठेवलेला आहे. तू चुकीचा जगलास म्हणून आजारी पडलास, असा तो निकाल. मग ज्याची चूक त्याने भोगावी, सरकारने त्यात पैसा का घालावा, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

आम्ही निगडीत काम करणारे कार्यकर्ते आहोत. इथे भल्या पहाटे भक्ती-शक्ती चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणारा कामगार उभा असतो. त्याची पाळी कंपनी ठरवते. जेवणाची सुट्टी किती, हे कंपनी ठरवते. ओव्हरटाइमला थांबायचे की नाही, हे ठेकेदार ठरवतो. तो किती मोठ्या खोलीत आणि कारखान्यापासून किती लांब राहतो, हे भाडे ठरवते. झोप, अन्न, श्रम आणि निवारा या चारही गोष्टी दुसऱ्याने ठरवायच्या आणि साखर वाढली की तिला त्याची ‘शैली’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

या लेखात आम्ही हिशेब मांडतो आहोत तो पैशाचा. माणूस आजारी पडण्याआधी त्याच्यावर सरकारी पैसा खर्च व्हावा, ही कल्पना आपल्याकडे कुठून आली, कुणी लढून आणली आणि कुठे अडली? आमचे म्हणणे असे : या देशात प्रतिबंधाचा पैसा दोनच कारणांनी निघाला. एकदा वरच्यांना भीती वाटली म्हणून आणि एकदा खालच्यांनी हक्क सांगितला म्हणून. मधुमेहाची वरच्यांना भीती वाटत नाही, कारण तो वस्तीतून बंगल्यात पसरत नाही. म्हणून आता फक्त हक्काचाच मार्ग उरला आहे.

रोगाचे कारण मागच्या जन्मात

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप आणि रोग यांची जोडणी केलेली आहे. सोने चोरणाऱ्याची नखे विद्रूप होतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो, असा तिचा मासला. पुढे कर्मविपाकाचे स्वतंत्र ग्रंथच तयार झाले. या विचाराची सोय लक्षात घ्या. रोगाचे कारण मागच्या जन्मात ढकलले की या जन्मातल्या राजाला, सावकाराला, गावाला काही विचारायचे उरत नाही. उरते ते प्रायश्चित्त आणि त्याचा खर्चही रोग्याच्याच माथी.

बुद्धाने ही जोडणी नाकारली. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो की, माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मानेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचे मत काय? बुद्ध आठ कारणे सांगतो. त्यांत पित्त, कफ, वात आहेत, ऋतुबदल आहे, चुकीची राहणी आहे, बाहेरून झालेला आघात आहे. कर्म हे त्या आठांतले केवळ एक. सगळे काही पूर्वकर्मावर टाकणारे चूक करतात, असे तो स्पष्ट सांगतो. इथे ‘राहणी’ यादीत आहे, हे आम्ही लपवत नाही. पण आठांतले एक कारण उचलून बाकी सात पुसून टाकणे म्हणजेच कर्मविपाक. ‘जीवनशैली’ हा शब्द आज तेच काम करतो. फरक एवढाच की पाप मागच्या जन्मातून याच जन्मात आणले आहे.

निगडीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने मुंबईकडे निघाले की थोड्याच अंतरावर देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली ती तारीखही २५ डिसेंबरच. देहूरोडला आले तेव्हा बाबासाहेब स्वतः कित्येक वर्षे मधुमेहाने पोखरलेले होते आणि पुढे दोन वर्षेही ते जगले नाहीत. व्यसन नाही, चैन नाही, अपार कष्ट आणि अपुरी झोप. त्यांच्या आजाराला ‘जीवनशैलीचा आजार’ म्हणण्याची कुणाची हिंमत आहे का?

भीतीतून निघालेला पैसा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, लगोलग पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या अमलाखाली घरे तपासली गेली, लोकांना छावण्यांत नेले गेले. याच साथीत सावित्रीमाई आणि डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णसेवा उभी केली. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला दवाखान्यात आणताना सावित्रीमाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारचा बंदोबस्त भीतीपोटी होता, सावित्रीमाईंची सेवा करुणेपोटी.

भीतीचा पैसा मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी सुमारे दोन दशके काढली. म्हणजे प्लेगच्या भीतीतून निघालेल्या सार्वजनिक पैशाच्या भिंतींआड आपला लढा वाढला. पण हा पैसा गरिबाची कणव येऊन निघाला नव्हता. प्लेगच्या उंदराला महारवाडा आणि वरच्या पेठा यांतला फरक कळत नव्हता, म्हणून निघाला होता.

त्या भीतीची खूण कायद्यात आजही आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका ज्या १९४९ च्या महापालिका कायद्यावर चालते, त्यात धोकादायक रोगांचा फैलाव रोखणे हे बंधनकारक कर्तव्य आहे. पण ‘धोकादायक रोग’ म्हणजे काय? पटकी, प्लेग, देवी आणि तसेच साथीचे वा संसर्गजन्य रोग. मधुमेहाने पाय कापावा लागला, तरी या व्याख्येप्रमाणे तो धोकादायक नाही. कारण तो शेजाऱ्याला होत नाही.

हक्कातून निघालेला पैसा

दुसरी वाट महाडहून निघते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. आपण पाणवठा लक्षात ठेवतो. पण त्याच ठरावात सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये यांच्याबरोबर दवाखानेही होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा मागे उभे असलेले तत्त्व सरळ होते : जे सार्वजनिक आहे त्यावर सर्वांचा हक्क. ही मागणी दयेची नव्हती, हिशेबाची होती.

पुढच्याच वर्षी हा हिशेब पोटातल्या बाळापर्यंत गेला. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनेच उचलायला हवा, कारण लोककल्याण हे प्रथम सरकारचे काम आहे. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

या भाषणाचा मधुमेहाशी संबंध काय, असे कुणी विचारेल. उत्तर पुण्यातूनच आले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त असते, असे त्यातून दिसले. आईच्या कुपोषणाचा आणि पुढे मुलाला होणाऱ्या मधुमेहाचा संबंध जगापुढे आला. म्हणजे चाळिशीत दिसणाऱ्या साखरेची एक मुळी आईच्या उपाशी पोटात असते. पोटातल्या बाळाची कसली आली जीवनशैली? मधुमेहाच्या प्रतिबंधाचा पहिला खर्च कुठे करायचा, हे बाबासाहेबांच्या १९२८ च्या मागणीत आधीच होते.

मजूरमंत्री बाबासाहेब

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. या चार वर्षांकडे कामगार कायद्यांची यादी म्हणून पाहिले जाते. आम्ही त्यांकडे निधीची रचना म्हणून पाहतो.

१९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा खाणकामगारांचे घर, पाणी, आरोग्य यांवर खर्च करायचा. १९४६ मध्ये अभ्रकाच्या खाणींसाठी तसाच कायदा झाला. ज्या धंद्याने माणसाचे शरीर झिजते, त्या धंद्याच्या मालातूनच ते शरीर सांभाळण्याचा पैसा काढायचा, हे या रचनेमागचे तत्त्व.

मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला सांगितले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा म्हणजे आपला ईएसआय उभा राहिला. मालक आणि कामगार दोघांचे हप्ते, आणि उपचार हक्काचा. १९४६ मध्ये कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. कामाचे तास कमी करणे हीसुद्धा हृदयाची आणि रक्तदाबाची काळजीच आहे. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये आणि प्रतिबंध व उपचार एकाच छताखाली असावेत, हे त्याचे सार. १९५० च्या राज्यघटनेत अनुच्छेद ४७ ने पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरवले. तिथे ‘राहणीमान’ हा शब्द आहे आणि ते उंचावण्याची जबाबदारी राज्यावर आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये काय झाले

१९५४ मध्ये, देहूरोडच्या त्या डिसेंबरच्या काही महिने आधी, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. औषधे बनवणारी ही सार्वजनिक क्षेत्रातली पहिली कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने ती उभारली आणि १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. सरकारी पैशाने सरकारी कारखान्यात औषध बनते, हे पिंपरीने देशाला दाखवले. पण रोगांचे रूप बदलले. जंतूंवरच्या इंजेक्शनाइतकीच, किंबहुना जास्त, गरज रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रोजच्या गोळीची झाली. तेव्हा या कारखान्याला नवे काम आणि नवे भांडवल देता आले असते. घडले उलटे. १९९७ मध्ये तो ‘आजारी उद्योग’ म्हणून मंडळाकडे गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये देणी भागवण्यासाठी त्याची जमीन विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. औषधाचा सरकारी कारखाना आजारी पडतो, तेव्हाही प्रतिबंध कुणी करत नाही.

१९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या त्या औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे देण्यासाठी. आज निगडीत जुन्या महामार्गाच्या एका बाजूला प्राधिकरणाची रुंद रस्त्यांची, झाडांची सेक्टरे आहेत आणि दुसऱ्या बाजूला सेक्टर २२ ची ओटा स्कीम. नावच सांगते की सरकारने हात दिला तो ओट्यापर्यंत. उद्यान, पदपथ, मोकळी हवा हा आरोग्यसंवर्धनाचाच खर्च असतो, फक्त तो आरोग्य खात्याच्या नावावर दिसत नाही. तो शहरात कुठे झाला, हे डोळ्यांना दिसते. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झाले, पण त्याने आखलेली रेघ राहिली.

शहराकडे पैसा नव्हता, असे नाही. कारखान्यांच्या मालावरच्या जकातीने ही महापालिका श्रीमंत म्हणून गाजली. त्या पैशातून १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उभे राहिले, ७५० खाटांचे. आम्हाला या रुग्णालयाचा आदर आहे, गरिबाला तोच आधार आहे. पण खाट आजारी पडल्यावर मिळते. आमचा प्रश्न त्याआधीच्या वीस वर्षांचा आहे.

ईएसआयचेही तेच. दीर्घ आजारांसाठी त्यात वाढीव आजार लाभ आहे, दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के. यादीत मधुमेहही आहे. पण तो कुठला? डोळ्याचा पडदा, पाय किंवा मूत्रपिंड बिघडवलेला. त्याआधी साखर सांभाळायला लागणारी सुट्टी आणि वेळ यांना यादीत जागा नाही. १ जुलै २०१९ पासून मालकाचा हप्ता ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणि कामगाराचा १.७५ वरून ०.७५ टक्क्यावर आणला गेला. मालकांचा भार हलका झाला. हा फरक तपासण्या आणि प्रतिबंध यांसाठी वापरता आला असता, यावर किती चर्चा झाली? १ जानेवारी २०१७ पासून ठरलेली २१,००० रुपयांची वेतनमर्यादा ओलांडली की कामगार बाहेर. अप्रेंटिस कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार व्याख्येतच नाही. प्राधिकरणातल्या बंगल्यांत धुणीभांडी करणारी बाई तर कुठेच नाही.

योजना आल्या, पण कुठे खर्च झाल्या

केंद्र सरकारचा मधुमेह, कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तोही आधी १०० जिल्ह्यांत. स्वातंत्र्यानंतर ६३ वर्षांनी! तोवर या आजारांचा वाटा कुठे गेला होता? आयसीएमआर व इतर संस्थांच्या अभ्यासानुसार देशातील एकूण मृत्यूंमध्ये तो १९९० मध्ये ३७.९ टक्के होता, २०१६ मध्ये ६१.८ टक्के झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्याच पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आला. प्रतिबंधाचा पैसा लागतो तो या उंबरठ्यावरच्या माणसांसाठी.

पण राजकीय झेंडा लागतो तो रुग्णालयाच्या बिलावर. राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. दीड लाखाचे संरक्षण पुढे पाच लाखांवर गेले. केंद्राची २०१८ ची जन आरोग्य योजनाही पाच लाखांची. या योजनांनी जीव वाचले, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या दार उघडतात ते भरती झाल्यावर. रोजच्या गोळीला, दर तीन महिन्यांच्या तपासणीला त्या उपयोगी नाहीत. जोतीरावांनी शेतकऱ्याच्या दुःखाचे मूळ शोधले होते. त्यांचे नाव मात्र शेवटच्या बिलाला दिले गेले. आणि ज्या छोट्या आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी व्हायची, त्यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘मंदिर’ हे नाव मिळाले. दवाखान्यावर हक्क सांगता येतो, मंदिरात फक्त हात जोडता येतात. बोले यांच्या ठरावाने शंभर वर्षांपूर्वी ‘दवाखाना’च म्हटले होते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. भीतीच्या काळातही पैसा एवढाच निघाला.

आक्षेप आणि उत्तर

‘तंबाखू, दारू तुमचेच लोक खातात-पितात, आधी ते सोडा,’ असे आम्हाला ऐकवले जाते. सोडलीच पाहिजे. पंचशीलातले पाचवे शील आम्हाला दुसऱ्याकडून शिकायचे नाही. बाबासाहेबांनी व्यसनांविरुद्ध जितके सांगितले तितके क्वचितच कुणी सांगितले असेल. पण शील हा आमचा आमच्याशी केलेला करार आहे. सरकारने आपले कर्तव्य टाळण्यासाठी दाखवायची ती पळवाट नव्हे. दारूवरचा महसूल तिजोरीत जमा करायचा आणि यकृत बिघडले की संयमाचा उपदेश करायचा, हे अनुच्छेद ४७ च्या कोणत्या ओळीत बसते? बिडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्याने बसवलेला उपकरही २०१७ मध्ये जीएसटीच्या वेळी रद्द झाला. धंद्यातून निधी काढण्याचे बाबासाहेबांच्या काळातले तत्त्व असे एकेक करून मोडले गेले.

आणि तासांचे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणते. एका खात्याने तास वाढवायचे आणि दुसऱ्या खात्याने ‘पुरेशी झोप घ्या’ असे फलक लावायचे, याला आरोग्यसंवर्धन म्हणत नाहीत.

आमच्या मागण्या

१. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दीर्घ आजारांच्या प्रतिबंधासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवे आणि त्याचा प्रभागनिहाय खर्च जाहीर व्हावा.

२. मनपा दवाखान्यांत पाळीवाल्या कामगारांसाठी संध्याकाळची ओपीडी हवी. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या एकदम महिनाभराच्या, मोफत मिळाव्यात.

३. ईएसआयमध्ये दरवर्षी भरपगारी तपासणी हवी. वेतनमर्यादा वाढावी, शिकाऊ उमेदवार आणि घरकामगार आत यावेत.

४. सफाई कामगार आणि फाउंड्री कामगारांची फुप्फुसांची नियमित तपासणी व्हावी, ठेक्यावरचे असले तरी.

५. तंबाखू आणि दारूच्या महसुलातला ठरावीक हिस्सा कायद्याने प्रतिबंधासाठी राखून ठेवावा.

अंदाजपत्रकाचे पुस्तक सार्वजनिक असते. आपल्या वस्त्यांतल्या मंडळांनी, महिला बचत गटांनी, युनियनच्या शाखांनी ते यंदा मागवून वाचावे आणि आपल्या प्रभागापुढे किती रक्कम लिहिली आहे ते नगरसेवकाला विचारावे. चवदार तळ्यावर आपण पाण्याची भीक मागायला गेलो नव्हतो. सार्वजनिक पैशावरही तशीच ओंजळ ठेवायची आहे.

जय भीम!